शिक्का होता, तरी हेल्मेट फुटलं कसं?

साताऱ्याहून आलेला प्रश्न असा: धाकटा भाऊ रस्त्यावर सांडलेल्या खडीवरून घसरला, वेग फार तर चाळीस. डोक्यात हेल्मेट होतं, ते कानाच्या वर उभं चिरलं आणि सात टाके पडले. हेल्मेटवर आयएसआयचा शिक्का आहे, दुकानाचं बिलही आहे. मग या वस्तू विकण्याआधी कोणी तपासतं की नाही? आणि हेल्मेटची ही गत, तर टायर, ब्रेक, सबंध गाडी यांचं काय?

भाऊ हिंडता-फिरता आहे हे वाचून बरं वाटलं. पुण्यात वाहनं आणि सुटे भाग यांच्या चाचण्या करण्यात माझी सव्वीस वर्षं गेली, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी एक गैरसमज काढू. हेल्मेट फुटलं म्हणजे ते खोटंच होतं असं नाही. मार स्वतःवर घेऊन फुटणं हेच त्याचं काम. बघायचं ते आतल्या थर्माकोलकडे. धड हेल्मेटचा थर्माकोल मार बसला तिथे दबतो, अंगठा फिरवला तर खळगा हाताला लागतो. वरचं कवच तडकलंय आणि आतला थर मात्र आहे तसाच, किंवा तो थर कपाळापाशी जाड आणि कानाच्या वर बोटाच्या पेराइतकाही नाही, असं असेल तर मार थर्माकोलने घेतलेला नाही, कवटीने घेतलाय. तुमच्या वर्णनावरून मला हीच शक्यता जास्त वाटते.

आता मूळ प्रश्न. सरकार तपासतं, पण बहुतेक करून वस्तू विकायला येण्याआधी, आणि बहुतेक करून कारखान्याने पुढे केलेला नमुना. तुमच्या भावाच्या डोक्यावरचं ते हेल्मेट, म्हणजे तो एक नग, कोणीही तपासला नव्हता. दुकानाच्या फळीवर पोचलेल्या मालाकडे बघणारे डोळे आपल्याकडे फार थोडे आहेत.

गाडीपासून सुरू करतो, कारण तिथली व्यवस्था सगळ्यात घट्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२६ नुसार नवं मॉडेल बाजारात आणण्याआधी त्याचा नमुना ठरवून दिलेल्या संस्थेकडून पास करून घ्यावा लागतो. यातल्या तीन संस्था आपल्याकडेच आहेत: पुण्याच्या वेताळ टेकडीवरची एआरएआय, भोसरीची सीआयआरटी आणि नगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची, संरक्षण खात्याची व्हीआरडीई. बाहेर मानेसरची आयकॅट, पिथमपूरचा नॅट्रॅक्स, ट्रॅक्टरसाठी मध्य प्रदेशातलं बुधनीचं केंद्र वगैरे. ब्रेक, दिवे, आरसे, सीटबेल्ट, धूर, आवाज असं एकेक करून तपासलं जातं आणि शेवटी टाईप अप्रूव्हलचं प्रमाणपत्र मिळतं. पास झालेलं मॉडेल होमोलोगेशन पोर्टलवर, म्हणजे मंजूर मॉडेलांच्या सरकारी यादीत, चढल्याशिवाय डीलरला ‘वाहन’ प्रणालीत गाडीची नोंदणीच करता येत नाही. त्यामुळे शोरूममधून बिनपरवानगीचं मॉडेल तुमच्या दारात येण्याची शक्यता जवळपास नाही.

पण पास झाला तो नमुना. त्यानंतर कारखान्यातून लाखभर गाड्या निघतात, त्यांचं काय? त्यासाठी नियम १२६-क, आमच्या भाषेत सीओपी. उत्पादन चालू असताना ठरावीक मुदतीने माल उचलून पुन्हा चाचणी करायची. ऐकायला छान आहे. प्रत्यक्षात काय होतं ते एका प्रसंगावरून सांगतो.

हेडलॅम्प बनवणाऱ्या एका कारखान्यात सॅम्पल काढायला गेलो होतो. दाराशीच खोक्यांची एक नीट रचलेली थप्पी, वरच्या खोक्याची पट्टीही कापून ठेवलेली. “साहेब, चहा येईस्तोवर यातलेच काढून सील करू.” मी चहा घेतला आणि मागच्या पॅलेटवरच्या खालच्या ओळीतलं खोकं मागितलं. फोर्कलिफ्टचा ड्रायव्हर जेवायला गेला होता. थांबलो. तो आल्यावर खोकं काढलं, दिव्यांवर सही केलेल्या कागदी पट्ट्या चिकटवल्या, बरोबर थप्पीतलेही दोन घेतले.

हेडलॅम्पची चाचणी काळ्या रंगाच्या लांबलचक बोगद्यात होते. एका टोकाला दिवा, पंचवीस मीटरवर पडदा. डिपर लावला की पडद्यावर उजेड आणि अंधार यांच्यामध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ दिसली पाहिजे. त्या रेघेच्या वर समोरून येणाऱ्याचे डोळे असतात. थप्पीतल्या दिव्यांची रेघ धारदार आली. पॅलेटवरच्या दिव्यांची रेघ डाव्या बाजूला विरघळलेली, फाटकं धोतर वाळत घातल्यासारखी. चौकशीत निघालं की मधल्या काळात रिफ्लेक्टरचा साचा दुरुस्त केला होता आणि दुरुस्तीनंतरचा माल कोणी बोगद्यात नेऊन पाहिलाच नव्हता. फसवायचा हेतू असेलच असं नाही; दाराशी थप्पी लावणारा माणूस बहुधा माझं काम हलकं करत होता. त्यांनी तो माल अडवला, साचा सुधारला, पुढच्या खेपेला दिवे पास झाले. सीओपी नीट केली तर उपयोगाची असते. पण सॅम्पल कुठून उचललं यावर तिचं सगळं मोल ठरतं.

पास होणं म्हणजे काय, हेही समजून घ्या. पास म्हणजे गाडी त्या वेळच्या नियमांत बसली, इतकंच. जानेवारी २०१४ मध्ये गाड्यांच्या सुरक्षेला तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने आपल्याकडच्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या आपटून पाहिल्या आणि पाचांनाही शून्य तारे मिळाले. त्या पाचही गाड्या कायद्याने पास होत्या, कारण गाडी समोरून आपटून बघण्याची अटच तेव्हा कायद्यात नव्हती. ती नव्या मॉडेलना १ ऑक्टोबर २०१७ पासून लागली, जुन्यांना दोन वर्षांनी. आता आपलं भारत एनकॅप आहे, १ ऑक्टोबर २०२३ पासून, पण ते ऐच्छिक. कंपनीने गाडी दिली तर तारे मिळणार.

या घट्ट व्यवस्थेलाही भोकं आहेत. तुमच्या भागातलंच उदाहरण घ्या. ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांना नियम आहेत, पण किती ट्रॉल्या गावच्या वर्कशॉपमध्ये अँगल वेल्डिंग करून उभ्या राहिल्यात ते हंगामात रात्री रस्त्यावर उतरून बघा. मागे ना टेललाइट, ना रिफ्लेक्टर. फार तर पोलिसांनी किंवा साखर कारखान्याने चिकटवलेली टेप, तीही चिखलाखाली. दुसरं, पंचवीसच्या आतल्या वेगाच्या ई-बाईक. मोटर अडीचशे वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर कायद्याच्या लेखी ती मोटार वाहनच नाही. नोंदणी नको, लायसन्स नको. चाचणी तेवढ्यावर होते आणि दुकानात एक वायर काढली की तीच बाईक पंचेचाळीसने पळते. २०२२ च्या मे महिन्यात परिवहन आयुक्तांनी राज्यभरातल्या आरटीओंना याविरुद्ध मोहीम घ्यायला लावली ती यामुळेच. तिसरं भोक बसबॉडीचं. चासी एकाची, बॉडी दुसऱ्याची. संकटकाळी दार कुठे, सीटचं कापड पेट घेणारं की नाही, याचे नियम कागदावर पक्के आहेत. पण बॉडी जिथे बांधली जाते तिथे मी सांगितलेली घट्ट साखळी सैल पडते.

गाडी विकली गेली की पुढे काय? २०१२ पर्यंत अगदी काहीच नव्हतं म्हटलं तरी चालेल. त्या वर्षी वाहन उत्पादकांच्या सियाम या संघटनेने रिकॉलची स्वेच्छेची नियमावली आणली. सक्ती आली ती मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने. कलम ११०-क नुसार केंद्र सरकार सदोष गाड्या परत बोलवायचा हुकूम देऊ शकतं आणि उत्पादकाला दुरुस्ती, बदली किंवा पैसे परत यातलं एक करावं लागतं. त्याचे तपशील नियम १२७-ग मध्ये आहेत, १ एप्रिल २०२१ पासून लागू. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी तो आहे, आणि हुकमाने रिकॉल करायची वेळ आली तर दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. कंपनीने आपणहून रिकॉल केला तर हा दंड नाही. त्यामुळे कंपन्या आपणहून करतात, आणि मला तरी ते योग्यच वाटतं.

या नियमाचा गाभा मात्र एकाच गोष्टीवर उभा आहे: मालकांच्या तक्रारी. त्या मॉडेलच्या विक्रीच्या प्रमाणात ठरलेल्या संख्येने तक्रारी सरकारी पोर्टलवर पोचल्या की तपासाचं चक्र फिरतं. आपला माणूस काय करतो? मेकॅनिककडे जातो, “हा या गाडीचा प्रॉब्लेमच आहे साहेब, सगळ्यांनाच येतो” हे ऐकतो, दीड हजार रुपये देऊन येतो. सगळ्यांनाच येतो हे मेकॅनिकला माहीत असतं, दिल्लीला नसतं.

तक्रारी मोठ्या आवाजात झाल्या की काय होतं तेही आपण पाहिलंय. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर पेटली, त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. आणखीही ठिकाणी गाड्या पेटल्या. कंपन्यांनी हजारो स्कूटर परत बोलवल्या, तज्ज्ञांची समिती बसली आणि बॅटरीचे नियम बदलले: पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून, दुसरा ३१ मार्च २०२३ पासून. बॅटरीत पाणी शिरू नये, सेल कधी बनला ते कळावं, आत उष्णता भडकली तर चालकाला आवाजाने आणि दिव्याने इशारा मिळावा, अशा अटी आल्या. नऊ महिन्यांत नियम बदलून लागू होणं हा आमच्या खात्याच्या मानाने विक्रमच. पण एरवी दर वर्षी शोरूममधून दहा गाड्या गुपचूप विकत घ्यायच्या आणि तपासायच्या, असं शिस्तीत होत नाही. अमेरिकेत सरकारी संस्था डीलरकडून गाड्या विकत घेऊनच चाचण्या करते. युरोपातही आधी आपल्यासारखंच होतं, पहिला नमुना पास झाला की संपलं. २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या प्रयोगशाळेत एक आणि रस्त्यावर दुसराच धूर सोडतात हे उघडकीला आलं आणि नियम बदलला. सप्टेंबर २०२० पासून तिथल्या प्रत्येक देशाला दर ४०,००० नव्या गाड्यांमागे निदान एक चाचणी बाजारातल्या गाडीवर करावी लागते. आपल्याकडे हवा आहे तो असा नियम. नवे तारे आणि नवी प्रमाणपत्रं त्यानंतर.

आता तुमच्या हेल्मेटकडे येतो. हेल्मेट, टायर, काचा या वस्तूंचं दार वेगळं आहे. तिथे परिवहन खातं नाही, भारतीय मानक ब्युरो म्हणजे बीआयएस. दुचाकीच्या हेल्मेटला आयएस ४१५१ हे मानक लागतं आणि १ जून २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं हेल्मेट बनवणं, विकणं, साठवणं, सगळंच बेकायदा आहे. परवाना देताना बीआयएसचा माणूस कारखाना बघतो, तिथली प्रयोगशाळा बघतो. धातूचं डोकं हेल्मेटमध्ये घालून ऐरणीवर पाडतात आणि आतल्या डोक्याला किती धक्का पोचला ते मोजतात. तापवून, गोठवून, भिजवून पुन्हा तेच. हनुवटीचा पट्टा ओढून बघतात. पुढे कारखान्यातून आणि बाजारातूनही नमुने उचलतात आणि नापास झाले तर शिक्का मारणं थांबवायला लावतात.

इथपर्यंत ठीक. जून २०२५ मध्ये देशात १७६ हेल्मेट उत्पादकांकडे चालू परवाना होता. त्याआधीच्या आर्थिक वर्षात बीआयएसने पाचशेहून जास्त हेल्मेटं तपासली आणि शिक्क्याच्या गैरवापरासाठी तीसेक धाडी घातल्या. देशातल्या दुचाक्यांची संख्या डोळ्यांपुढे आणा आणि पाचशे हा आकडा त्याशेजारी ठेवा. त्याच सुमारास दिल्लीत अडीच हजारांवर हेल्मेटं जप्त झाली, ती परवाना संपलेल्या किंवा रद्द झालेल्या नऊ उत्पादकांची होती. म्हणजे शिक्का कधीकाळी खरा होता, पण माल परवान्याबाहेरचा. त्यात निव्वळ स्टिकर छापून चिकटवणारे वेगळेच. शिक्का ही छापायची गोष्ट आहे, तो कोणीही छापू शकतो. खरा की खोटा हे फक्त त्याच्याखालच्या सीएम/एल क्रमांकावरून, म्हणजे परवान्याच्या क्रमांकावरून, कळतं.

रस्त्याकडेला हेल्मेट विकणाऱ्यावर कारवाई कोण करणार, ही आणखी एक गंमत. आरटीओचं वायुवेग पथक रस्त्यावर तुम्हाला पकडतं, विक्रेत्याला नाही. वाहतूक पोलीसही तसेच. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेलं कलम १८२-क आहे: सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरवलेला सुटा भाग नियमाबाहेरचा विकला तर वर्षापर्यंत कैद किंवा नगामागे लाख रुपये दंड. माझ्या नोकरीच्या काळात ते एखाद्या दुकानदारावर लागल्याचं मी पाहिलं नाही. डुप्लिकेट स्पेअरवर ज्या धाडी पडल्याच्या बातम्या वाचता, त्या बहुतेक कंपनीचा माणूस पोलिसांना घेऊन गेल्यामुळे पडतात आणि गुन्हा कॉपीराइटचा नोंदवला जातो. ब्रेकलायनर कंपनीच्या खोक्यात होता हा गुन्हा. तो ब्रेक लावत होता की नाही, हे त्या पंचनाम्यात नसतं. तोच लायनर साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत विकला तर कोणी येत नाही.

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते गाडीत नंतर बसवायच्या वस्तूंनी. हेडलॅम्पचा एच-फोर बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. दुकानदार “साहेब, उजेड डबल” म्हणत १००/९० चा देतो. होल्डर वितळतो ते सोडा. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडीचा बल्ब घातला की फिलामेंट जिथे होतं नेमक्या त्याच जागी उजेडाचा उगम राहत नाही, आणि बोगद्यातल्या पडद्यावरची ती रेघ, जिच्यासाठी मी फोर्कलिफ्टवाल्याची वाट बघत बसलो होतो, एका बल्बने पुसली जाते. सीटमध्ये साईड एअरबॅग असलेल्या गाडीला जाड रेक्झिनचं कव्हर शिवून घेऊन एअरबॅगची बाहेर यायची वाटच अडवणारेही तितकेच शहाणे.

आणि सीटबेल्टच्या खोट्या क्लिपा. बेल्ट न लावता अलार्म बंद ठेवायची ती धातूची जीभ. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर गाडी आदळून उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, मागच्या सीटवर, बेल्ट न लावता. त्यानंतर या क्लिपांकडे लक्ष गेलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांविरुद्ध आदेश काढले आणि १३,११८ जाहिराती उतरवायला लावल्या. हे प्राधिकरण २०२० पासूनचं, पण बाजारातल्या मालावर इतका थेट हात घातलेला मी तरी आधी पाहिला नव्हता. अर्थात साताऱ्यातल्या कोपऱ्यावरच्या कार डेकोरच्या दुकानात ती क्लिप आजही मिळत असेल, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

आता तुम्ही काय करायचं. हेल्मेट टाकू नका, धुऊ नका, फेविक्विक लावून जोडू तर मुळीच नका. निघालेले तुकडे आणि थर्माकोल एका पिशवीत ठेवा. मागचं लेबल, शिक्का, पट्ट्यावरची छपाई यांचे फोटो काढा. शिक्क्याच्या वर आयएस ४१५१ असायला हवं आणि खाली सीएम/एल क्रमांक. मोबाइलवर बीआयएस केअर हे ॲप घ्या आणि तो क्रमांक टाका. कंपनीचं नाव, पत्ता, परवाना चालू आहे की रद्द, कोणत्या वस्तूसाठी आहे, हे समोर येतं. लेबलवरचं नाव आणि ॲपमधलं नाव जुळवा. नाव जुळत नसेल किंवा परवाना मेलेला असेल तर त्याच ॲपमध्ये गैरवापराची तक्रार करा, बिलाचा फोटो जोडून.

परवाना खरा निघाला तरी तक्रार कराच, यावेळी मालाच्या दर्जाची. ती नोंदली गेली तर त्या कारखान्याचे नमुने उचलले जाण्याला निमित्त मिळतं. शिवाय १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून तिचा क्रमांक घ्या. दवाखान्याचा खर्च आणि भरपाई मागायची असेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सदोष वस्तूच्या जबाबदारीचं वेगळं प्रकरण आहे, त्यात उत्पादकाबरोबर काही परिस्थितीत दुकानदारही येतो. जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावं लागतं. डॉक्टरांच्या कागदावर ‘हेल्मेट घातलेलं असताना’ एवढं लिहून घ्या, आता लगेच. सहा महिन्यांनी कोणी लिहून देत नाही.

दुकानदार हेल्मेट बदलून देतो म्हणेल. नवं घ्या हवं तर, पण जुनं त्याच्या हातात देऊ नका. भावाच्या जुन्या हेल्मेटच्या मागच्या लेबलचा फोटो आणि कानाच्या वरच्या भागात थर्माकोल किती जाड आहे ते पट्टीने मोजून पाठवा. चिरेजवळ मोजू नका, तिथे तो दबलेला असेल. दुसऱ्या कानाच्या बाजूला मोजा.